पक्कड, कानस आणि सर्वांत कमी दर

सरकारी खरेदीच्या प्रत्येक नस्तीत एक कागद असा असतो की बाकीचे सर्व कागद केवळ त्याच्यासाठी जमवलेले असावेत असे वाटते. त्याला तुलनात्मक तक्ता म्हणतात. डावीकडे वस्तूंची नावे, वर पुरवठादारांची नावे आणि मधल्या चौकटींत दर. पूर्वी सर्वांत लहान आकड्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले की निर्णय झाला, आता संगणक तो आकडा आपोआप वर आणून ठेवतो. शाई गेली, वर्तुळ राहिले. या तक्त्यात वस्तूचे नाव असते, संख्या असते, दर असतो. वस्तू कशी आहे हे सांगणारा रकाना मात्र नसतो. तो प्रश्न आधीच्या टप्प्यावर निकालात निघाला आहे असे गृहीत धरलेले असते.

मोठ्या खरेदीत, म्हणजे पूल, रेल्वेचे डबे, वीजनिर्मितीचे संच यांच्या बाबतीत या गृहीताची छाननी करणारे पुष्कळ लोक असतात. अभियंते असतात, सल्लागार असतात, वर्तमानपत्रेही असतात. पण ज्या खरेदीकडे कोणी पाहत नाही अशी एक गोष्ट आहे व ती मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. ती म्हणजे हातहत्यारांची खरेदी. हातोडी, पक्कड, कानस, पाना, करवत, रंधा, पटाशी, गुण्या. एकेका नगाची किंमत शे-दोनशे रुपये. त्यांच्या खरेदीत घोटाळा झाला तरी तो बातमी होण्याइतका मोठा नसतो, आणि झाला नाही तरी पैसा वाया जातो. कारण येथे बहुधा कोणी काही चोरलेले नसते. सर्व नियम पाळून, सर्व सह्या घेऊन, सर्वांत कमी दराने निरुपयोगी वस्तू विकत घेतलेली असते.

अशी हत्यारे सरकार किती ठिकाणी विकत घेते, याचा थोडा अंदाज यावा. १९५० साली केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्यांचे, देशभर जाळे उभे राहिले. त्यांतील प्रत्येक व्यवसायासाठी प्रशिक्षणार्थींच्या हत्यारपेटीची यादी ठरलेली असते. जुलै १९९२ मध्ये ग्रामीण कारागिरांना सुधारित हत्यारसंच देण्याची ‘सिट्रा’ नावाची योजना आली. संचाची किंमत साधारण दोन हजार रुपयांपर्यंत, तीत कारागिराचा वाटा दहा टक्के व उरलेले अनुदान. १ एप्रिल १९९९ रोजी ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, पाच वर्षांसाठी तेरा हजार कोटींची तरतूद आहे आणि प्रत्येक कारागिराला हत्यारसंचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे. या अठरा व्यवसायांत हातोडी व हत्यारसंच बनवणारा हाही एक व्यवसाय मानलेला आहे. त्याला मिळालेल्या संचाबद्दल त्याचे काय मत झाले असेल, हे ऐकायला मला आवडेल.

यांखेरीज रेल्वे, वीज मंडळे, पाणीपुरवठा विभाग, आश्रमशाळांतील उद्योगवर्ग, कारागृहांतील कारखाने आहेतच. म्हणजे ‘स्वस्त हत्यार चांगले की वाईट’ हा प्रश्न घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्यांपुरता नाही. तो प्रशासनाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

प्रथम हे मान्य करू की स्वस्त म्हणजे वाईट हे समीकरण खोटे आहे. ज्यांनी कधी हत्यार हातात धरलेले नाही असे अधिकारी दोन टोकांना जातात. एक टोक सर्वांत कमी दराचे, दुसरे टोक नामांकित छापाचे. दोहोंतही वस्तूकडे पाहण्याचे कष्ट वाचतात. वस्तुतः काही हत्यारांत स्वस्तपणाने फारसे बिघडत नाही. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेले वजन. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण दरकराराच्या अधीन नाही, तेव्हा स्वस्त ओळंबाही सरळच लोंबतो. गवंड्याची थापी, पाटी, ढोबळ मापाची टेप, लाकूड आवळून धरण्याचे शिकंजे यांत साधा माल पुष्कळदा पुरेसा ठरतो. पुरेशा वस्तूसाठी दुप्पट पैसे मोजणे हीसुद्धा उधळपट्टीच.

काही हत्यारांची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. ज्या हत्याराने दुसऱ्या धातूला कापायचे, घासायचे किंवा पिळायचे असते, त्याचा सारा जीव पोलादाला दिलेल्या पाण्यात असतो. आपल्या लोहाराचा ‘पाणी देणे’ हा शब्दप्रयोग फार नेमका आहे. पोलाद लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम विझवले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते; मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. या दुसऱ्या तापवण्यात वेळ व इंधन लागते आणि ते झाले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पैसे वाचवायचे झाले की कारखानदार तेथेच वाचवतो. वरून चकचकीत मुलामा चढवला की दोन्ही पाने सारखेच दिसतात. एक पाना नट सोडवतो. दुसऱ्याचा जबडा उघडतो, नटाच्या कडा गोल होतात आणि मग तो नट कोणत्याच पान्याने सुटत नाही. पन्नास रुपयांच्या पान्याने पाच हजारांचा पंप नादुरुस्त केला, ही हानी कोणत्याच हिशेबात येत नाही.

पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असले की निविदा समितीचे समाधान होते. ही अक्षरे खरी असली तरी ती मिश्रधातूविषयी बोलतात, पाण्याविषयी नाही. उत्तम पोलादाला वाईट पाणी दिले तर त्याचे वाईट हत्यार होते. आणि ही अक्षरे कोरायला लागणारा ठसा काही फार महाग नसतो.

कानशीची कथा आणखी करुण आहे. आयटीआयमध्ये फिटरचा मुलगा पहिले काही महिने काय करतो, तर शेगड्यात लोखंडाचा तुकडा धरून कानशीने सपाट करतो. पुन्हा पुन्हा, गुण्या लावून, उजेडाकडे धरून. त्यातून त्याचा हात बसतो. आता त्याच्या हातातील कानशीचे दात दुसऱ्या दिवशी गुळगुळीत झाले तर काय होते? तो अधिक जोर लावतो, कानस डुलते, तुकडा मध्ये फुगीर होतो. निदेशक म्हणतो, तुझा हात बसत नाही. मुलगा मान खाली घालतो. हत्याराचा दोष हाताच्या नावावर जमा होतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे कळण्याचा काही मार्ग नसतो, कारण चांगली कानस कशी चावते हे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठे नुकसान हे आहे. पैशांचे नुकसान पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून भरून निघते, वाया गेलेले ते महिने नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थेत तपासणीला गेलो असता मला भांडार दाखवण्यात आले. नवे हत्यारसंच खोक्यांत रचून ठेवलेले, नोंदवहीत संख्या तंतोतंत जुळत होती. कार्यशाळेत मुले मात्र जुन्याच, मुठी काळ्या पडलेल्या हत्यारांवर काम करीत होती. मी कारण विचारले. वयस्क निदेशक प्रथम गप्प राहिले, मग म्हणाले, “साहेब, परीक्षेचे काम जवळ आले आहे. नवी हत्यारे नंतर काढू.” त्यांनी माझ्या पदाचा मान राखून जे सांगितले नाही ते स्पष्ट होते. नवी हत्यारे शोभेची होती आणि जुनी कामाची. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने त्या भांडारात एकही दोष नव्हता.

हे होते कसे? निविदेचे सामान्यतः दोन लिफाफे असतात, तांत्रिक व आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात जो उत्तीर्ण होतो त्याचाच आर्थिक लिफाफा उघडतात. ऐकायला हे रास्त वाटते. पण परीक्षेत पस्तीस गुण मिळवणारा आणि पंच्याण्णव गुण मिळवणारा दोघेही केवळ ‘उत्तीर्ण’ ठरले आणि पुढे निवड फी कोण कमी घेतो यावर झाली, तर पंच्याण्णववाला पुढच्या वर्षी परीक्षेला बसेल का? त्यापेक्षा तो पस्तीस गुणांपुरताच अभ्यास करील. हातहत्यारांच्या बाजारात हेच झाले आहे. सरकारी निविदेसाठी वेगळा माल बनतो, आणि दुकानदाराला विचारले तर तो स्वच्छ सांगतो की हा ‘सप्लायचा माल’ आहे.

त्यात भर म्हणजे आपण हत्यारे एकेक न घेता ‘संच’ म्हणून घेतो. संचात वीस वस्तू. दर संपूर्ण संचाचा. पुरवठादार हातोडी बरी देतो, कारण ती हातात घेतली की वजन कळते. पेटी आकर्षक देतो, कारण प्रथम तीच दिसते. आणि कानस, ड्रिलची पाती, करवतीची पाने यांत आपली कसर भरून काढतो. संच नाकारायचा तर सगळा नाकारावा लागतो. चार वस्तूंसाठी पाचशे पेट्या कोण परत पाठवील? वाटपाच्या समारंभाची तारीख ठरलेली असते.

नमुन्याची पद्धत आहे, ती चांगली आहे. पुरवठादाराने दिलेला नमुना मोहोरबंद करून ठेवायचा व आलेला माल त्याच्याशी पडताळायचा. पण पडताळायचा म्हणजे काय करायचे, हे कोठेच लिहिलेले नसते. मोहोरबंद कानस आणि आलेली कानस शेजारी ठेवल्या तर त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसणारच. जे पाहून कळत नाही ते पाहून तपासायचे असा हा प्रकार.

पूर्वी केंद्राचे पुरवठा व निपटारा महासंचालनालय दरकरार करीत असे आणि त्याची स्वतःची निरीक्षण शाखा होती. ते कार्यालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. त्याआधीच, ऑगस्ट २०१६ मध्ये, सरकारी ई-बाजारपेठ म्हणजे ‘जेम’ सुरू झाली होती व २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी केंद्रीय मंत्रालयांना तेथे मिळणाऱ्या वस्तू तेथूनच घेणे बंधनकारक केले. जुन्या व्यवस्थेबद्दल उसासे टाकण्याचे मला कारण दिसत नाही. तिच्यातील विलंब आणि ओळखीपाळखी ज्यांनी पाहिल्या ते तसे करणार नाहीत. ई-बाजारपेठेने व्यवहार उघड्यावर आणला, लहान गावातील विक्रेत्याला दिल्लीच्या कार्यालयाचे दार उघडले. पण पडद्यावर दोन पकडींची छायाचित्रे दिसतात, त्यांची धार दिसत नाही. आणि उलट्या लिलावात दर जेव्हा मिनिटामिनिटाला खाली येतो, तेव्हा तो कोणत्या पोटातून कापला जात आहे हे पडदा सांगत नाही.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१२ चे खरेदी धोरण आहे. सर्वांत कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत अधिक दर भरणाऱ्या लघुउद्योजकाला संधी मिळते, पण कोणती? स्वतःचा दर त्या सर्वांत कमी दरापर्यंत उतरवण्याची. म्हणजे ज्याने चांगल्या पाण्यासाठी दहा टक्के जास्त मागितले होते, त्याला आपण सांगतो की काम घे, पण पाणी सोड. ऑक्टोबर २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाने बांधकामे व सल्लागारीखेरीजच्या सेवा यांत काही अटींवर गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत भार देण्यास मुभा दिली. वस्तूंना ही मुभा मिळाली नाही. त्यामागचा विचार समजतो. वस्तूची गुणवत्ता मोजता येते, तेव्हा ती अटींतच लिहावी, गुण कशाला द्यावेत? हे तर्काला धरून आहे. अट एकच की मोजणारा कोणी असावा.

मोजमापे लिहिलेली नाहीत असेही नाही. भारतीय मानक ब्यूरोने पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१, स्क्रू-ड्रायव्हरसाठी आयएस ८४४, कानशींसाठी आयएस १९३१, पकडींसाठी आयएस ३६५० अशी मानके फार पूर्वीच केली आहेत. त्यांत कठीणपणा किती असावा, कसोटी कशी घ्यावी, सारे आहे. निविदेत त्यांचे क्रमांक इमाने इतबारे टंकित होतात. मात्र माल आल्यावर ते मानक उघडून वाचले गेले, असे मला माझ्या नोकरीत दोन-तीनदाच आढळले.

येथे परदेशात किंवा अन्य प्रांतांत असलेल्या वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण जेथे असाल तेथील हत्यारांच्या दुकानात एखादा घडीव पाना किंवा शिकंजा उलटून पाहा. त्यावर ‘मेड इन इंडिया’ असे आढळण्याची शक्यता बरीच आहे, मग वरचे नाव कोणत्याही परदेशी कंपनीचे असो. जालंधर आणि लुधियाना ही या उद्योगाची मोठी केंद्रे. राजस्थानातील नागौरलाही हातहत्यारांची जुनी परंपरा आहे. जालंधरला हातहत्यारांसाठीच वाहिलेली केंद्रीय संस्था आहे. आणि आपल्या नाशिकमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडिश तंत्रसाहाय्याने उभा राहिलेला कारखाना आहे, ज्याच्या पकडी भारतातील बहुतेक वायरमनच्या खिशात सापडतील. म्हणजे चांगले हत्यार करणे आपल्याला येत नाही, हे म्हणणे टिकत नाही. एकाच वसाहतीत एका भट्टीतून निर्यातीचा माल निघतो आणि शेजारच्या भट्टीतून ‘सप्लायचा’. फरक कारागिराच्या कसबात नसून विकत घेणाऱ्याच्या नजरेत आहे. परदेशी खरेदीदार माल स्वीकारण्यापूर्वी त्यातील काही नग मोडून पाहतो. आपण मोजून पाहतो.

एप्रिल २०२५ मध्ये नीती आयोगाने या उद्योगावर अहवाल काढला. त्यानुसार जगाच्या हातहत्यार-व्यापारात भारताचा वाटा सुमारे १.८ टक्के, म्हणजे साधारण साठ कोटी डॉलरचा, आणि चीनच्या तुलनेत आपला उत्पादनखर्च चौदा ते सतरा टक्क्यांनी जास्त आहे. पोलादाची किंमत व अन्य कारणे त्यात दिली आहेत, त्यांत मी शिरत नाही. पण या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात यावी. ज्या उद्योगाचा खर्च मुळातच इतका अधिक, त्याला घरचे सरकार जेव्हा सर्वांत कमी दराच्या शर्यतीत उतरवते, तेव्हा तो एक तर बाहेरचा माल आणून त्यावर आपला छाप मारतो, किंवा पाण्यात कसर करतो.

मग भांडारात बसून हत्यार ओळखता येते का? येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुताराचा गुण्या घ्या. फळीच्या सरळ कडेला तो लावून पेन्सिलीने रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मा त्याचा दोष. खर्च शून्य, वेळ एक मिनिट. पाणसळही तशीच, ठेवा, बुडबुडा कोठे थांबतो ते पाहा, टोके फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवा. बुडबुडा दुसरीकडे गेला तर ती पाणसळ भिंत वाकडी बांधणार. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. कापणाऱ्या कडांमधून प्रकाशाची फट दिसली तर तिने तार तुटणार नाही, चेपेल. मग तिच्याने साधा कागद कापून पाहा. व्हर्निअरचे जबडे मिटून शून्यावर शून्य येते का पहा आणि सरकता जबडा हलवून त्याची ढिलाई पहा, ०.०२ मिलिमीटर वाचता येते असे कोरलेले असून जबडाच त्याहून अधिक डुलत असेल तर ते कोरीवकाम सजावटीचे समजावे. तेरा मिलिमीटरचा पाना आठ मिलिमीटरच्या बोल्टच्या नटावर चढवून पाहा. तो सुखाने चढावा, खुळखुळू नये. हातोडीच्या दांड्यातील रेषा लांबीच्या दिशेने धावतात की आडव्या, हे पाहायला तर डोळेच पुरेत. आडव्या असतील तर दांडा कधी तरी मोडणार आणि डोके कोणाच्या तरी दिशेने जाणार.

आणि कानशीसाठी? तिला साध्या लोखंडाच्या तुकड्यावर दोन तास चालवा. दुसरी कसोटी नाही. भांडारपालाने नव्हे, निदेशकाने; आणि जमल्यास त्या मुलांपैकी एकाने.

काही बाबी अशा आहेत की तेथे दराचा विचार मनातही आणू नये. पकडीच्या दांड्यांवर रंगीत प्लॅस्टिक चढवलेले असते. ते हाताला मऊ लागावे म्हणून असते. वीजप्रवाहापासून रक्षण करण्याची हमी त्यात नसते. हमी असलेल्या पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे कोरलेले असते व तिची विजेच्या दाबाखाली चाचणी झालेली असते. निविदेत ‘इन्सुलेटेड पक्कड’ इतकेच लिहिले तर लाल प्लॅस्टिकची कोणतीही पक्कड चालते, आणि खांबावर चढलेला माणूस त्या एका शब्दाच्या भरवशावर असतो. ग्राइंडरच्या चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. यंत्राचा वेग त्याहून जास्त असेल तर चकती फुटून तुकडे अंगावर येतात. यंत्र एका निविदेतून व चकत्या दुसऱ्या निविदेतून घेतल्या जातात. हे दोन आकडे एकमेकांशेजारी कोणी ठेवून पाहत नाही.

आता हिशेब. समजा, सुताराला मिळालेली पटाशी धार धरत नाही व तिला लावण्यात त्याची रोज पंधरा मिनिटे जास्त जातात. वर्षात तीनशे दिवस काम धरले तर पंचाहत्तर तास झाले, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने नऊ दिवसांहून अधिक. नऊ दिवसांची मजुरी आणि दोन पटाश्यांच्या दरांतील शंभर रुपयांचा फरक यांची तुलना करायला अर्थशास्त्री लागत नाही. पण हे नऊ दिवस ज्याचे गेले तो आणि ज्याने शंभर रुपये वाचवल्याची टिप्पणी लिहिली तो, हे दोघे कधी एकमेकांना भेटत नाहीत. बचत सरकारी खात्यावर दिसते, तोटा कारागिराच्या घरी होतो. वित्त मंत्रालयाच्या खरेदी-पुस्तिकेत पैशाचे मोल आणि वस्तूचा संपूर्ण आयुष्यभराचा खर्च या कल्पना सविस्तर मांडल्या आहेत. परंतु त्या यंत्रसामग्रीला लावल्या जातात. पटाशीला आयुष्य असते हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या दृष्टीने विश्वकर्मा योजनेतील व्हाउचर ही कल्पना मला मोलाची वाटते. ठोक खरेदी करून पेट्या वाटण्याऐवजी निवडीचा हक्क कारागिराच्या हाती द्यावा, ही दिशा योग्य आहे. लोहाराला पटाशीची परीक्षा शिकवावी लागत नाही. तो ती नखावर वाजवून सांगतो. मात्र व्हाउचर हातात असणे आणि निवड हातात असणे यांत अंतर असू शकते. व्हाउचर जर ठरावीक पुरवठादाराच्या ठरावीक संचावरच चालणार असेल, तर आपण निविदाच दुसऱ्या दाराने आत आणली. कारागिराला पंधरा हजारांत वीस वस्तूंऐवजी सहाच पण मनाजोग्या घेता येतात का, हा या योजनेचा खरा प्रश्न आहे, आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीत ‘किती संच वितरित’ या आकड्याइतकाच तोही विचारला गेला पाहिजे. उलट बाजूही सांगतो. निवड खुली सोडली की संगनमताने व्हाउचर वटवून रोख घेतली जाईल, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते व ती निराधार नाही. पण त्या भीतीवर उपाय म्हणून सर्वांच्या माथी सारखीच वाईट पेटी मारणे हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार झाला.

शाळा-संस्थांच्या बाबतीत व्हाउचर चालणार नाही. तेथे खरेदी खात्यालाच करावी लागेल. तेथे तीन गोष्टी सध्याच्या नियमांत राहूनही करता येतात. संच फोडावा; कापणारी व घासणारी हत्यारे एका निविदेत, बाकीची दुसरीत. स्वीकृती समितीत त्या व्यवसायाचा निदेशक असावा आणि त्याच्या सहीशिवाय देयक निघू नये. नियमांत किरकोळ खरेदीसाठी एक प्रमाणपत्र आहे, ज्यात अधिकारी स्वतः लिहून देतो की वस्तू योग्य दर्जाची, विश्वासू विक्रेत्याकडून व वाजवी दराने घेतली याची आपली वैयक्तिक खात्री आहे. काही हजारांच्या खरेदीला जी वैयक्तिक खात्री लागते ती काही लाखांच्या खरेदीला लागू नये, याचे कारण मला अजून कोणी पटवलेले नाही.

तिसरी गोष्ट नग मोडून पाहण्याची. पाचशे पकडींपैकी पाच मोडेपर्यंत पिळून पाहाव्यात, पाच कानशी झिजेपर्यंत चालवाव्यात. हे सुचवले की लेखाशाखेचा एकच प्रश्न येतो, आणि तो अगदी अपेक्षित आहे: त्या मोडलेल्या नगांची नोंद कशी करायची, आणि ती वसुली कोणाकडून? उत्तर सोपे आहे. निविदेतच लिहावे की शेकडा दोन नग चाचणीसाठी जादा व विनामूल्य द्यावेत, ते कोणते हे खात्याने खोक्यांतून स्वतः उचलावे आणि ते मोडले तर त्यांची नोंद ‘चाचणीत खर्ची’ अशी व्हावी. एका राज्यातील माझ्या एका सहकाऱ्याने ही अट घातली तेव्हा सात निविदाधारकांपैकी चौघांनी माघार घेतली. उरलेल्या तिघांत जो सर्वांत कमी दराचा होता त्याचा माल घेतला गेला, आणि त्या वर्षी निदेशकांनी खोकी जून महिन्यातच फोडली.